ढकलतो तोच खरा चुंबक

दोस्तांनो, आधी एक कोडं घ्या. लाकडी टेबलावर दोन लोखंडी पट्ट्या ठेवल्या आहेत. लांबी तेवढीच, जाडी तेवढीच, वजन तेवढंच आणि दोन्हींना एकच काळा रंग. त्यातली एक पट्टी चुंबक आहे आणि दुसरी साधं लोखंड. जवळ टाचणी नाही, दोरा नाही, होकायंत्र नाही. पट्ट्या वाकवायच्या नाहीत, तोडायच्या नाहीत. नुसत्या हातात घेऊन चुंबक कोणता ते ओळखायचं.

"हात्तिच्या! एकमेकींना लावून बघू की," असं म्हणाल. लावा. खट्कन चिकटल्या! पण कोणी कोणाला ओढलं? दोघी एकमेकींना सारख्याच जोरानं ओढतात, त्यामुळे हाताला काही पत्ता लागत नाही. एक पट्टी फिरवून दुसरं टोक लावा. पुन्हा खट्! आता काय करणार?

कोड्याला उत्तर आहे आणि ते तुम्हीच काढणार आहात. त्यासाठी चुंबकाच्या दोन टोकांची जरा चौकशी करावी लागेल.

दोन टोकं आणि एक शंका

पट्टीचुंबक मधोमध दोरा बांधून टांगला, की तो थोडा वेळ डोलतो आणि मग उत्तर-दक्षिण दिशेत स्थिर होतो. उत्तरेकडे वळणारं टोक म्हणजे उत्तर ध्रुव, दक्षिणेकडे वळणारं म्हणजे दक्षिण ध्रुव. पुढचा नियम तुम्हाला पाठच असेल: विजातीय ध्रुवांमध्ये आकर्षण, सजातीय ध्रुवांमध्ये प्रतिकर्षण. उत्तर आणि दक्षिण समोरासमोर आले की ओढाओढ. उत्तर-उत्तर किंवा दक्षिण-दक्षिण आले की ढकलाढकल.

नियम पाठ असला तरी एकदा तो बोटांना कळू द्या. दोन चुंबकांचे सारखे ध्रुव समोरासमोर धरा आणि हळूहळू जवळ आणा. सुरुवातीला काहीच नाही. मग हलकासा विरोध. आणखी जवळ नेलं की विरोध एकदम वाढतो आणि चुंबक सरळ पुढे जायचं सोडून बाजूला निसटायला बघतो. पकड जरा सैल पडू द्या. तो गर्रकन फिरेल आणि दुसऱ्या टोकानं येऊन चिकटेल! मध्ये तर काहीच दिसत नाही. कागद धरा, पुठ्ठा धरा, स्वतःचा तळहात धरा, तरी ही ढकलाढकल चालूच. चुंबकाभोवती जिथवर त्याचा प्रभाव पोचतो, त्या जागेला चुंबकीय क्षेत्र म्हणतात. कागद आणि तळहात या क्षेत्राला अडवू शकत नाहीत.

आता शंका. नियम तर ध्रुवांचा आहे. साध्या खिळ्याला कुठे ध्रुव असतात? तरी तो चुंबकाच्या उत्तर टोकालाही चिकटतो आणि दक्षिण टोकालाही. हे कसं?

खिळा मोठा चलाख आहे. चुंबकाचा उत्तर ध्रुव जवळ आला, की खिळ्याचं जवळचं टोक तेवढ्यापुरतं दक्षिण ध्रुव बनतं आणि लांबचं टोक उत्तर. चुंबकाचा दक्षिण ध्रुव जवळ आला, की खिळा पलटी मारतो आणि जवळचं टोक उत्तर ध्रुव होतं. म्हणजे समोर कुठलाही ध्रुव येवो, खिळा त्याच्या उलटाच ध्रुव पुढे करतो आणि ओढला जातो. खरं वाटत नसेल, तर चुंबकाला लटकलेल्या खिळ्याच्या खालच्या टोकाला एक टाचणी लावून पाहा. ती लटकते. तिच्या टोकाला आणखी एक लावा, तीही लटकते. खिळा चुंबकापासून सोडवला, की टाचण्या खाली पडतात. एखादी चिकटून राहिलीच, तर खिळ्यात थोडं चुंबकत्व उरलं असं समजा.

यातून फार महत्त्वाची गोष्ट कळते. साधं लोखंड चुंबकाकडे ओढलं जातं, पण ते चुंबकाला कधीच ढकलत नाही. त्यामुळे एखादी वस्तू चुंबकाला चिकटली, म्हणून ती चुंबक आहे असं म्हणता येत नाही. तिच्या एखाद्या टोकानं चुंबकाला दूर ढकललं, तर मात्र ती नक्की चुंबक! शास्त्राच्या तासाला बाई सांगतात ना, "प्रतिकर्षण ही चुंबकाची खरी कसोटी," ती यासाठी.

वेढ्यात बसून लिहिलेलं पत्र

हे सगळं पहिल्यांदा नीट लिहून काढणारा माणूस सैन्याच्या छावणीत बसला होता. त्याचं नाव पेट्रस पेरेग्रीनस. तो फ्रान्सचा. इटलीच्या दक्षिण भागात लुचेरा नावाचं गाव आहे. १२६९ मध्ये त्या गावाला वेढा पडला होता आणि पेट्रस वेढा घालणाऱ्या सैन्यात होता. वेढा म्हणजे नुसतं वाट बघत बसणं. त्या रिकाम्या वेळात, ८ ऑगस्ट १२६९ या दिवशी, त्यानं गावाकडच्या मित्राला एक लांबलचक पत्र लिहिलं. विषय कोणता? लढाईचा नाही, चुंबकाचा!

तेव्हा कारखान्यात बनवलेले चुंबक नव्हते. मॅग्नेटाइट नावाच्या खनिजाचे काही दगड निसर्गतःच चुंबक असतात, तेच वापरायचे. पेट्रसनं सांगितलं, की असा दगड घासून गोल गोटा बनवा. त्यावर सुई ठेवा. सुई ज्या दिशेनं स्थिर होईल, त्या दिशेनं गोट्यावर रेघ ओढा. मग सुई दुसरीकडे ठेवा, पुन्हा रेघ ओढा. अशा बऱ्याच रेघा ओढल्या, की त्या सगळ्या गोट्याच्या दोन बिंदूंपाशी जाऊन मिळतात. हे दोन बिंदू एकमेकांच्या बरोबर विरुद्ध बाजूंना असतात. त्यानं त्यांना ध्रुव म्हटलं.

मग त्यानं एक दगड लाकडी वाडग्यात ठेवला आणि तो वाडगा पाण्यावर तरंगत सोडला. दुसरा दगड हातात धरला. हातातल्या दगडाचा उत्तर ध्रुव तरंगणाऱ्या दगडाच्या दक्षिण ध्रुवाजवळ नेला, की वाडगा मागे मागे येई. उत्तरेजवळ उत्तर नेला, की वाडगा दूर पळे. दगडाचे दोन तुकडे केले, तर काय होतं तेही त्यानं पाहिलं. प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन ध्रुव! साडेसातशे वर्षांपूर्वीचा हा प्रयोग आज तुमच्या घरच्या टबात जसाच्या तसा करता येतो.

चुंबकाच्या पोटात काय चाललंय?

चुंबक तोडला तरी एकटा उत्तर ध्रुव हाती का लागत नाही? आत डोकावून बघू.

लोखंडाचा प्रत्येक अणू हाच एक इवलासा चुंबक असतो. अणूतले इलेक्ट्रॉन त्याला चुंबकपणा देतात. शेजारशेजारचे अणू गट करून एकाच दिशेला तोंड करतात. अशा गटाला डोमेन म्हणतात. साध्या लोखंडात एका गटाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे, त्यामुळे सगळ्यांची बेरीज शून्य होते. चुंबकात मात्र बहुतेक गटांची तोंडं एकाच बाजूला असतात.

शाळेचं लेझीम पथक डोळ्यांसमोर आणा. सगळ्या मुलामुलींची तोंडं एकाच दिशेला, ओळीमागे ओळ. सर्वांत पुढची ओळ म्हणजे एक ध्रुव आणि सर्वांत मागची ओळ म्हणजे दुसरा. आता हे पथक मधूनच तोडून दोन भाग केले, तर? पुढच्या भागालाही स्वतःची पहिली आणि शेवटची ओळ आहे. मागच्या भागालाही आहे. आणखी तुकडे करा, तेच होणार. अगदी एकच मुलगी उरली, तरी तिला पुढची बाजू आणि मागची बाजू असणारच. चुंबकाचंही तसंच. कितीही बारीक तुकडा केला, तरी दोन ध्रुव जोडीनंच येतात. पॉल डिरॅक या भौतिकशास्त्रज्ञानं १९३१ मध्ये गणित मांडून दाखवलं, की एकटा ध्रुव निसर्गात असायला हरकत नाही. तेव्हापासून शास्त्रज्ञ त्याचा शोध घेताहेत, पण अजून तरी तो सापडलेला नाही.

पथकाची शिस्त मोडली, की चुंबकही संपला. चुंबक जोरात आपटला किंवा त्यावर हातोडा मारत राहिलं, की काही गटांची तोंडं फिरतात आणि चुंबक कमजोर होतो. खूप तापवलं तर अणू इतके थरथरतात, की एका दिशेला तोंड करून राहणं त्यांना जमतच नाही. लोखंडासाठी ही मर्यादा ७७० अंश सेल्सिअस आहे. त्याहून गरम झालेल्या लोखंडाला चुंबक ओढतच नाही.

आता आपलं कोडं सोडवा बरं! पथकाच्या मधोमध उभं राहिलं, तर तिथे पहिली ओळही नाही आणि शेवटचीही नाही. म्हणजे पट्टीचुंबकाच्या बरोबर मधल्या भागाला ओढ जवळजवळ नसते. लोखंडी कीस पसरलेल्या कागदावर पट्टीचुंबक लोळवला, की टोकांना किसाचे झुपके लागतात आणि मधला भाग जवळपास कोरा राहतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. तर मग एक पट्टी टेबलावर आडवी ठेवा. दुसरीचं टोक तिच्या मधोमध टेकवा. घट्ट चिकटलं, तर हातातली पट्टी चुंबक, कारण तिचं टोक साध्या लोखंडाला कुठेही ओढतं. चिकटलं नाही किंवा जेमतेम चिकटलं, तर टेबलावर आडवी पडलेली पट्टी चुंबक. सुटलं कोडं!

आणि पट्ट्या तीन असत्या, त्यातल्या दोन चुंबक असत्या, तर काम आणखी सोपं झालं असतं. ज्या दोन पट्ट्यांची टोकं एकमेकांना ढकलतात, त्या दोन्ही चुंबक. विषय संपला.

घरोघरी असतो तो पट्टेरी चुंबक

फ्रिजवर चिकटवायचे चपटे, कागदासारखे लवचीक चुंबक बघा. जाहिरातीचे फुकट मिळतात ना, तसले. दोन सारखे घ्या. त्यांच्या काळ्या बाजू एकमेकांवर ठेवा आणि एक हळूच सरकवा. काही होत नसेल, तर एक चुंबक काटकोनात फिरवून पुन्हा सरकवा. एका दिशेत सरकवताना तो सरळ सरकणार नाही. टक्, टक्, टक् अशा उड्या मारत जाईल.

कारण या चुंबकाच्या काळ्या बाजूवर ध्रुवांचे बारीक बारीक पट्टे असतात: उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण. वरच्या चुंबकाचा उत्तर पट्टा खालच्या दक्षिण पट्ट्यावर आला, की चिकटतो. थोडा सरकला, की उत्तरेवर उत्तर येतो आणि ढकलला जातो. पुन्हा सरकला, की पुन्हा चिकटतो. प्रत्येक 'टक्' म्हणजे एक आकर्षण आणि एक प्रतिकर्षण. डोळ्यांना न दिसणारे ध्रुव तुम्ही बोटांनी मोजताय!

पाण्यावरच्या सुयांची रांगोळी

आता एक प्रयोग, जरा सावकाशीनं करायचा. सात-आठ शिवणाच्या सुया घ्या, पण घरच्या मोठ्या माणसाला जवळ बसवून. चुंबकाचा एकच ध्रुव सुईच्या नेढ्यापासून टोकापर्यंत घासत न्या, मग चुंबक उचलून परत नेढ्यापाशी आणा आणि पुन्हा घासा. परतीच्या वाटेवर घासायचं नाही. असं तीस-चाळीस वेळा केलं, की सुई चुंबक होते. सगळ्या सुया त्याच ध्रुवानं आणि त्याच दिशेनं घासा, म्हणजे सगळ्यांच्या नेढ्यांकडे एकच ध्रुव येईल.

थर्मोकोल किंवा बुचाचे छोटे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात एक सुई अशी खोचा, की ती पाण्यात उभी तरंगेल, नेढं पाण्याच्या वर आणि टोक खाली. काचेचं किंवा प्लास्टिकचं खोल भांडं पाण्यानं भरा आणि दोन सुया सोडा. त्या एकमेकींपासून दूर जातील, कारण वर सारखे ध्रुव आणि खालीही सारखे. आता मोठा चुंबक भांड्याच्या मधोमध, पाण्यापासून काही सेंटिमीटर वर धरा. सुया काठाकडे पळाल्या, तर चुंबक उलटा करा.

आता सुयांची पंचाईत होते. वरचा चुंबक त्यांना मध्याकडे ओढतो आणि त्या एकमेकींना दूर ढकलतात. दोन्ही जोर जिथे बरोबरीत येतात, तिथे त्या थांबतात. तीन सुया असतील, तर त्रिकोण होतो. चार सोडल्या, की चौकोन. पाच सुयांचा पंचकोन. सहावी सोडली, की मोठी गंमत होते. षटकोन होईल असं तुम्हाला वाटेल, पण बहुतेक वेळा पाच सुया कडेला राहतात आणि एक मधोमध जाऊन बसते. बोटानं पाणी ढवळा. सुया विखुरतील, भटकतील आणि पुन्हा आपापल्या जागी येतील.

हा प्रयोग आल्फ्रेड मेयर या अमेरिकन प्राध्यापकांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन अणूच्या आत कण कसे मांडलेले असतील याचा विचार करत होते, तेव्हा त्यांना याच तरंगत्या सुया उपयोगी पडल्या. अणूचं त्यांचं चित्र नंतर बदललं. सुयांची रांगोळी मात्र आजही तशीच उमटते.

हवेत तरंगणारी चकती

जुन्या स्पीकरमध्ये भोक असलेला गोल चुंबक असतो. खेळण्यांच्या किंवा विज्ञान साहित्याच्या दुकानात अशा लहान चकत्या मिळतात. त्यांचे ध्रुव दोन सपाट बाजूंवर असतात. उभ्या पेन्सिलीत एक चकती घाला. दुसरी अशी घाला, की सारखे ध्रुव समोरासमोर येतील. वरची चकती हवेतच राहते! बोटानं खाली दाबून सोडा. ती वर उसळते, दोन-चार हेलकावे खाते आणि थांबते.

तिसरी चकतीही तशीच घाला आणि नीट बघा. खालची फट वरच्या फटीपेक्षा कमी असते. का? खालच्या फटीवर दोन चकत्यांचं वजन आहे, वरच्या फटीवर एकीचंच. चुंबक जितके जवळ येतात, तितकं प्रतिकर्षण झपाट्यानं वाढतं. त्यामुळे जास्त वजन पेलायचं, तर जास्त जवळ यावं लागतं.

एक प्रश्न तुमच्यासाठी. वरची चकती हवेत आहे, तर वजनकाट्यावर तिचं वजन लागेल का? लागेल, अगदी पूर्ण लागेल. वरची चकती खालचीला जितक्या जोरानं खाली ढकलते, तितक्याच जोरानं खालची तिला वर ढकलते. हवेतली चकती फुकट तरंगत नाही. तिचा भार खालचीच वाहते.

मग पेन्सिल काढून टाकली तर? चकती लगेच कलंडते, उलटते आणि फटकन चिकटते. तुमचा हात चुकला म्हणून असं होत नाही. सॅम्युअल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञानं १८४२ मध्ये सिद्ध केलेल्या नियमातून हेच निघतं: स्थिर चुंबकांच्या नुसत्या ओढाढकलीवर एखादा चुंबक हवेत पक्का उभा ठेवता येत नाही. त्याला आधाराला काहीतरी लागतं. आपल्या प्रयोगात ते काम पेन्सिल करते.

पृथ्वीचा उलटा कारभार

होकायंत्राची सुई उत्तरेकडे का वळते? पेट्रसला वाटायचं, आकाशाचे ध्रुव तिला ओढतात. विल्यम गिल्बर्ट या लंडनच्या डॉक्टरांनी १६०० मध्ये छापलेल्या पुस्तकात सांगितलं, की पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक आहे. चुंबकाच्या गोल गोट्यावर छोटी सुई फिरवून त्यांनी ते पटवून दिलं.

आता नियम आठवा. सुईचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे ओढला जातो. म्हणजे तिकडे कुठला ध्रुव असला पाहिजे? दक्षिण! बरोबर ओळखलंत. पृथ्वीच्या उत्तर भागात चुंबकाचा दक्षिण ध्रुव आहे. नकाशावर आपण त्या ठिकाणाला उत्तर चुंबकीय ध्रुव म्हणतो, पण वागणं सगळं दक्षिण ध्रुवाचं. १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस हे दर्यावर्दी कॅनडाच्या उत्तर टोकाकडे त्या जागी पोचले होते. आता ते ठिकाण तिथून खूप सरकलंय आणि सायबेरियाच्या दिशेनं चाललंय.

शिवाय पृथ्वीचे ध्रुव अधूनमधून अदलाबदल करतात! शेवटची मोठी अदलाबदल सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली. हे कळलं कुठून? खडकांकडून. तापलेला लाव्हा थंड होताना त्यातले मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. आपला सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा बनलाय. त्यातले कितीतरी थर पृथ्वीचे ध्रुव उलटे असताना थिजले. त्या काळी होकायंत्र असतं, तर उत्तर म्हणून त्यानं दक्षिण दाखवली असती. १९५० च्या दशकात या काळ्या कातळाचं चुंबकत्व मोजलं गेलं. त्यावरून हेही दिसलं, की लाव्हा वाहत होता तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि मग उत्तरेकडे सरकत आला.

या कणांना भेटायचंय? चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ओढ्यातल्या किंवा नदीतल्या वाळूत फिरवा. पिशवीला काळे, बारीक, चमकदार कण लागतील. त्यात मॅग्नेटाइट असतं. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढला, की कण आपोआप कागदावर पडतात. पिशवी न घालता थेट चुंबक फिरवलात, तर मात्र कण सोडवता सोडवता संध्याकाळ होईल.

ट्रामला घाबरलेली वेधशाळा

कोपनहेगनमध्ये १८२० साली हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड या प्राध्यापकांना दिसलं, की तारेतून वीज वाहू लागली की शेजारच्या होकायंत्राची सुई हलते. म्हणजे विजेच्या प्रवाहापासूनही चुंबकीय क्षेत्र तयार होतं.

या गोष्टीचा आपल्या मुंबईला चांगलाच फटका बसला. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालायची. मग मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामच्या विजेमुळे नाजूक उपकरणांच्या सुया बिघडणार, हे उघड होतं. म्हणून १९०४ मध्ये समुद्रापलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. आकड्यांची साखळी तुटू नये, म्हणून सुमारे दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली. विजेच्या ट्राम १९०७ मध्ये धावू लागल्या, तोवर सुया सुखरूप पलीकडे पोचल्या होत्या! अलिबागची ती वेधशाळा आजही काम करते आहे.

ध्रुव पलटवा, गाडी पळवा

तारेचं वेटोळं करून त्यातून वीज सोडली, की वेटोळ्यालाही उत्तर आणि दक्षिण ध्रुव मिळतात. आणि विजेची दिशा उलटी केली, की ध्रुवांची अदलाबदल होते. पट्टीचुंबकाला हे जमत नाही.

बंद पडलेल्या खेळण्यातल्या गाडीची छोटी मोटर उघडून बघा. आतल्या भिंतीला दोन वाकडे चुंबक आणि मध्ये तारेची वेटोळी. वेटोळ्याचा ध्रुव समोरच्या चुंबकाकडे ओढला जातो. तिथे पोचल्यावर तो चिकटून बसला असता आणि मोटर थांबली असती. पण पोचता पोचता विजेची दिशा उलटते, ध्रुव पलटतो आणि ज्यानं ओढलं, तोच चुंबक आता ढकलून देतो. ओढ, पलट, ढकल. ओढ, पलट, ढकल. तुमच्या गाडीची चाकं फिरतात ती अशी.

हीच युक्ती सरळ रेषेत लांबवर मांडली, की चुंबकी रेल्वे तयार. रुळाच्या बाजूनं वेटोळ्यांची रांग असते. गाडीच्या पुढचं वेटोळं तिला ओढतं, मागचं ढकलतं आणि गाडी पुढे सरकली की ध्रुव पलटतात. मग गाडी हवेत कशी राहते? "प्रतिकर्षणानं," असं म्हणाल. थांबा! चीनमधल्या शांघायची गाडी आकर्षणावर तरंगते. गाडीचे हात मार्गाच्या कडेखालून आत वळलेले आहेत. त्या हातांवरचे विद्युतचुंबक मार्गाच्या खालच्या बाजूकडे वर ओढले जातात आणि त्यांच्याबरोबर अख्खी गाडी उचलली जाते. फट सुमारे एक सेंटिमीटर. ती कमी-जास्त होऊ लागली, की यंत्रणा लगेच वीज कमी-जास्त करते. अर्नशॉंच्या नियमातून सुटायची ही एक पळवाट, कारण इथे चुंबकाची ताकद स्थिर नसते.

जपानच्या गाडीत ओढणं आणि ढकलणं दोन्ही वापरतात. गाडीतल्या चुंबकांमुळे बाजूच्या भिंतींतल्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. मग वेटोळ्याचा खालचा भाग गाडीला वर ढकलतो आणि वरचा भाग वर ओढतो. पण त्यासाठी आधी वेग हवा, म्हणून ताशी सुमारे १५० किलोमीटरपर्यंत ही गाडी रबरी चाकांवर पळते आणि मग सुमारे दहा सेंटिमीटर वर तरंगते. २१ एप्रिल २०१५ रोजी तिनं चाचणीत ताशी ६०३ किलोमीटर वेग गाठला.

प्रयोग करा, पण सांभाळून

बाजारात निओडिमियमचे छोटे, चकचकीत आणि फार ताकदवान चुंबक मिळतात. ते तोंडात अजिबात घालायचे नाहीत आणि लहान भावंडांच्या हाती लागू द्यायचे नाहीत. असे दोन चुंबक पोटात गेले, तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढून आतडं चिमटतात आणि त्याला भोकही पडू शकतं. कोणी चुंबक गिळला, तर लपवू नका. ताबडतोब मोठ्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलाय, अशा आजी-आजोबांच्या जवळ हे चुंबक नेऊ नका.

बाकी रान मोकळं आहे. पाण्यावरच्या सुयांचा प्रयोग सहाव्या सुईपर्यंत नेऊन थांबू नका. सातवी आणि आठवी सोडल्यावर कोणती आकृती होते, ते वहीत काढा. पाणी ढवळून तोच प्रयोग चार-पाच वेळा करा, कारण काही वेळा तितक्याच सुयांची वेगळी आकृतीही होते. ती वही शाळेत बाईंना दाखवा. आणि हो, उठताना सुया मोजून आईच्या शिवणाच्या डबीत परत ठेवायला विसरू नका!